बूट आत, पाय बाहेर

आमच्या कंपनीच्या गेटवर एक मोठा बोर्ड आहे, अपघातमुक्त दिवसांचा. रोज सकाळी त्यावरचा आकडा एकाने वाढतो. नेहाच्या पायाची दोन बोटं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो एकाने वाढला. मी स्वतः पाहिलं, अल्ला शप्पथ, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शाहीन. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक बनतात, तिथे नेहा आणि मी एकाच लाइनवर. दोघी रहाटणीच्या, दोघी कंत्राटी. ती गाडी चालवते, मी मागे बसते. गाडी म्हणजे स्कूटी नव्हे हां, तिच्या वडिलांची, साहेबरावकाकांची, गिअरची मोटरसायकल. काका कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा भावकीतले म्हणाले, गाडी पुतण्याला देऊन टाका. काका म्हणाले, "का? माझ्या पोरीला पाय न्हाईत का?"

पोरगी एक नंबरची हट्टी. कामात नाव ठेवायला जागा नाही, पण कुणी "मॅडम, जमेल का?" म्हटलं की संपलंच. कंटेनरच्या मधून गाडी अशी काढते की मी मागे डोळे मिटून बसते. भीमजयंतीच्या रॅलीत तिची गाडी कायम पुढे.

नोकरी लागली तेव्हा काकांनी एकच अट घातली, चपलेवर गाडी चालवायची नाही. मग आम्ही दोघींनी पिंपरीतली दुकानं पालथी घातली. तिला हवा होता घोटा झाकणारा, तळ न घसरणारा, लेस आत खोचता येईल असा बूट. पाय चार नंबरचा. दुकानदार काय दाखवतो? गुलाबी, चमकीचे, टाचेचे. "लेडीजमध्ये हेच येतं, ताई." आणि गाडीचे? "ते जेंट्समध्ये. सात नंबरपासून पुढे." म्हणजे बाईला पाय असतो तो फक्त लग्नात मिरवायला! नेहा कसली ऐकते, सातचाच घेतला आणि आत दोन-दोन मोजे कोंबले. गल्लीच्या तोंडाशीच बुटाचं टोक गिअरखाली अडकलं. गाडी दुसऱ्यातून हलेना, मागे रिक्षावाले बोंबलायला लागले. बूट परत केला आणि बाईसाहेबांनी सँडल चढवली. काका चार दिवस बोलले नाहीत तिच्याशी.

आणि आता गंमत बघा. कंपनीने तिला तिच्याच मापाचे सेफ्टी शूज दिले! घोट्याच्या वर येणारे, बोटांवर पोलादी टोपी. पायात असे बसले की ती लाइनवर नाचायचीच बाकी होती. पण शिफ्ट सुटली की बूट लॉकरमध्ये. का? तर बाहेरची माती आत येते, आणि तुम्ही लोक बूट विकून खाता. हे सयाजीसाहेब, आमचे सेफ्टी ऑफिसर, चक्क माइकवर म्हणाले. विकून खातो म्हणे! बाहेर नेताना सापडलं की चोरी, आणि कंत्राटी माणसाचं कार्ड तिथेच बंद. मग काय, आख्खी शिफ्ट पाय पोलादात, आणि घरी जाताना डंपरच्या चाकाशेजारी बोटं उघडी. सगळी कंपनी अशीच. देवळात जाताना काढावेत तसे बूट काढायचे, फक्त इथे काढून रस्त्यावर जायचं.

त्या संध्याकाळी तळवड्याच्या वळणावर खडी सांडलेली होती. पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला, नेहाने मारला, आणि गाडी डाव्या अंगावर गेली. मी बाजूला फेकले गेले, कोपर सोलून निघालं. नेहाचा पाय गाडीखाली. सँडल कुठल्या कुठे उडाली होती. लोकांनी गाडी उचलली तर पायाकडे बघवेना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांना काढावंच लागलं. त्या वेळी तिचे पोलादी टोपीचे बूट लॉकरमध्ये होते, कुलूपबंद. एकदम सेफ!

जखम भरल्यावर ती कामावर आली आणि थेट सयाजीसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. मीही मागोमाग घुसले.

"साहेब, बूट घरी न्यायची परवानगी द्या. सगळ्यांनाच."

"वाईट झालं गं," साहेब म्हणाले. "पण ते गेटच्या बाहेर झालं ना."

"पाय तोच आहे, साहेब."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. बघतो म्हणाले. आणि बघितलं हो, खरंच बघितलं! आठवड्याने नोटीस लागली. दुचाकीवरून येणाऱ्याच्या पायात बूट नसल्यास गेटमधून प्रवेश मिळणार नाही. लॉकरचा नियम जिथल्या तिथे. म्हणजे यांचे बूट आत कुलपात, आणि आम्ही दुसरे पैदा करायचे. कुठून? आभाळातून? मी तर तिथेच तोंड सोडलं, पण नेहा गप्प होती. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सँडल घालूनच आली. गेटवर ज्योतीरामभाऊ, आमचे वॉचमन, बिचारे लातूरकडचे भले गृहस्थ.

"बूट न्हाईत, बाई. आत सोडता येत न्हाई मला."

"आहेत की. आत आहेत, लॉकरमध्ये. आणून द्या."

मी पुढे झाले, म्हटलं, माझे पण आत आहेत. मागून कुणीतरी ओरडलं, "आमचेबी आतच हायेत, भाऊ!" मागे वळून बघते तर सगळी सकाळची शिफ्ट, चपला आणि स्लीपरवर. एकही जण हलेना. भोंगा झाला. आत लाइन रिकामी.

मग सयाजीसाहेब आले. आधी ओरडत आले, मग फोनवर कुणाचं तरी ऐकून घेत परत गेले, आणि शेवटी ट्रॉली ढकलत आले. ट्रॉलीवर आमच्या बुटांचा ढीग. गेटबाहेर उभं राहून एकेकाचं नाव घेत त्यांनी जोड वाटले. नेहा फुटपाथवर बसली. खिशातून कापूस काढला, डाव्या बुटात जिथे बोटं नाहीत तिथे नीट बसवला आणि लेस आत खोचली.

"संध्याकाळी परत लॉकरमध्ये ठेवायचे का, साहेब?" तिने विचारलं. "मग उद्या पुन्हा ट्रॉली आणावी लागेल."

साहेबांनी रिकामी ट्रॉली आत वळवली. संध्याकाळी आम्ही सगळे बूट घालूनच बाहेर पडलो, कुणी अडवलं नाही.

तळवड्याच्या वळणावर नेहाने गाडी हळू केली आणि डावा पाय खाली टेकवला. मला वाटलं, आता खूश होऊन काहीतरी बोलेल.

"मिळाले ना गं बूट," मीच म्हटलं.

"मिळाले, शाहीनताई," ती म्हणाली. "माझी दोन बोटं घेऊन मिळाले."