नापासाचे पेढे

परंदवडीच्या रखमाजीला दम कसा तो नव्हताच. पोरगा हौशीराम पुण्याच्या कॉलेजात इंटरच्या परीक्षेला बसला होता. गावातून तिथवर पोचलेला तो पहिलाच, म्हणून निकाल लागायच्या आधीच रखमाजीनं तळेगावाहून पेढे आणून घरोघर वाटले. साल चौतीस. पेढ्यांची चव लोकांच्या जिभेवर होती तोवर हौशीराम घरी आला, तो इंग्रजीत गटांगळी खाऊन.

रखमाजीनं आधी दार लोटून घेतलं.

"वाटंत कुणाला बोललास?"

"न्हाई, आबा."

"मग बोलू बी नगंस. गावाच्या लेखी तू पास हाईस."

"पुढल्या साली पुन्यांदा बसतो की मी."

"पास झालेला पुन्यांदा बसतो व्हय? माजं नाक कापायला निगालास?"

चुलीपाशी बसलेली नंदाबाई, हौशीरामची आई, हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगं उपाशी हाय अजून." तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात हौशीराम रोज थोडा थोडा मेला. पाव्हणे आले की रखमाजी त्याला ओटीवर हाक मारी. "हौशा, जरा सायबाच्या बोलीत बोल की." ज्या विषयानं नाक घासायला लावलं होतं, त्याच विषयात त्याला चार वाक्यं फाडावी लागत. पाव्हणे माना डोलवत. बाप मिशीवरून हात फिरवी. बापाला लाज कशी वाटत नाही, याचंच हौशीरामला नवल वाटे.

शेवटी नोकरीचं निमित्त काढून त्यानं लोणावळा गाठलं. तिथे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर असलेला फकरुद्दीन हा त्याचा शाळेतला सोबती. त्याच्या खोलीत हौशीरामनं पथारी टाकली. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मित्राला सांगितलं, "पेपर तपासणाऱ्यानंच काहीतरी घोळ केला."

फकरुद्दीन हाताचं काळं वंगण खरवडून काढत होता. "घोळबीळ काही नाही. तू नापास झालास. एकदा तोंडानं म्हण, मग पुस्तक उघड."

हौशीराम रागानं उठून गेला. बाजारात भिजत हिंडला, परत आला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "झालो नापास." तेवढं बोलताना त्याला रडू फुटलं. फकरुद्दीननं गुपचूप चहा टाकला.

मग मात्र हौशीरामनं बैठक मारली. सकाळी व्यापाऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या, बाकी दिवसभर इंग्रजी. निबंध लिहायचा, चुका काढायच्या, फाडायचा, पुन्हा लिहायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो परीक्षेला बसला आणि चांगल्या मार्कांनी पास झाला.

पुण्याहून तडक तो परंदवडीला गेला. भाताची लावणी चालली होती. बांधावरूनच त्यानं हाक दिली, "आबा, पास झालो!"

रखमाजीनं दचकून शेजारच्या खाचराकडे पाहिलं. "हळू बोल. लोकं हायती." आणि वाकून पुन्हा आवणाची रोपं लावू लागला.

नंदाबाईनं चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि लेकाच्या पाठीवरून फिरवला. तेवढाच सत्कार. त्याच दुपारी हौशीराम लोणावळ्याला परतला. पुढे तो बी. ए. झाला, तिथल्याच एका शाळेत मास्तर झाला. पण एकदाही नापास न झालेला म्हणून परंदवडीनं सत्कार ठरवला तेव्हा तापाचं सोंग घेऊन घरी पडून राहिला.

लढाईच्या दिवसांत आई गेली. फकरुद्दीनची बदली भुसावळला झाली. थकलेला रखमाजी लेकाकडे राहायला आला. एकदा शेजारच्या कस्तुराबाई रडत आल्या. त्यांचा मारुती कॉलेजात नापास झाला होता, दोन दिवस अन्नाला शिवत नव्हता.

रखमाजी खाटेवरून म्हणाला, "अब्यास नगं व्हय करायला? आमचा हौशीराम कदी नापास झाला न्हाई."

हौशीरामच्या मस्तकात तिडीक गेली. "झालो होतो! इंटरला, इंग्रजीत. विचारा आबांना."

रखमाजीनं लेकाकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग होता, ना लबाडी. म्हातारा खरंच गोंधळला होता.

"कदी रं?" त्यानं विचारलं.

कस्तुराबाईंनी डोळे पुसले. "मास्तर, माझ्या समाधानासाठी बोलताय, कळतंय मला," म्हणाल्या आणि घरी गेल्या.