रिकाम्या गाडीचे टायर

आमचे काका पिकअपमधून लोकांची कपाटं पोचवतात. पाऊस आला की अंगातला रेनकोट काढून कपाटाला गुंडाळतात, स्वतः चिंब होऊन घरी येतात आणि वर काकूवरच डाफरतात. माल भरलेला असला की गाडी इतकी हळू हाकतात, जणू कपाटाची झोपमोड होईल. परत येताना मात्र सुसाट.

यंदा पावसाळ्याआधी दोनच टायर बदलायचं ठरलं. काकू आणि मीही सोबत गेलो होतो. काका टायरवाल्याला म्हणाले, "नवे पुढे लाव."

"मागे लावू या, काका. मागचे गुळगुळीत झालेत. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी मागूनच घसरते, मग आवरत नाही."

काका भडकले. "रिकाम्या गाडीचे एवढे लाड कशाला? माल उतरल्यावर तिच्यात असतं काय?"

काकू बाजूच्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही असता."

काकांनी उगाचच नव्या टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं. मग टायरवाल्यावर खेकसले, "बघत काय बसलास? मागे लाव म्हणतोय ना!"