चौदाव्या दिवशीची पांढरी पेशी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या डावीकडे, रक्त तपासायची खोली होती. तिथे खिडकीपाशी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकासमोर एकोणतीस वर्षं एकच बाई बसत आली होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

काम ऐकायला सोपं होतं. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ ओढायचा, वाळला की रंग द्यायचा आणि भिंगाखाली धरून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. पांढऱ्या म्हणायच्या, पण रंग दिल्यावर दिसतात जांभळ्या. फिकट गुलाबी लाल पेशींच्या गर्दीत मध्येच एखादी जांभळी तरंगत येते. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, पंखा फिरायचा, आणि ताई तासन्‌तास त्या गुलाबी आभाळात हरवून जायची. कुणी हाक मारली तर एकदम ओ द्यायची नाही. लांबून परत आल्यासारखी आधी डोळे मिचकवायची.

मोजण्याचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, ताईची खुर्ची आता रिकामी होणार. पण मशीन अडलं की पट्टी तिच्याकडेच यायची. तिला त्या पेशी शेजाऱ्यांसारख्या ठाऊक होत्या. काहींच्या पोटात तीन पाकळ्यांचं केंद्रक असतं. जखम झाली की त्या सगळ्यात आधी धावतात, जंतू गिळतात आणि दिवसा-दोन दिवसांत मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच. दुसऱ्या छोट्या, गोल. त्यांच्यातल्या काही एकदा भेटलेला गोवर आयुष्यभर विसरत नाहीत. ताईला त्यांचं भारी कौतुक, कारण ती स्वतः रोज चष्मा कुठे ठेवला ते विसरायची.

तिचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गावभर त्याला पेंटर म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता नि ती अठराची. तिनेच त्याला वाढवलं. पुढे त्याचं लग्न झालं तरी घर एकच राहिलं: खाली पेंटर आणि त्याची बायको, वर ताई.

तो चव्वेचाळीस वर्षांचा असताना त्याच्या दंडांवर निळे डाग दिसायला लागले. शिडीला धडकलो असेन, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि पत्र्याने कापलेलं बोट तीन आठवडे चिघळत राहिलं. ताईने त्याला दटावून तपासायला नेलं आणि पट्टी स्वतःच्या हाताने रंगवली. शंभर पेशी मोजायच्या होत्या. सगळी पट्टी पालथी घातली तरी अकराच सापडल्या. तिने पट्टी पुसली नाही, कुणाला हाकही मारली नाही. फक्त भिंगावरून डोळा काढला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली.

मोठ्या तपासण्या झाल्या. त्याच्या हाडांतल्या मज्जेने रक्त तयार करणं जवळजवळ थांबवलं होतं. कुणाची तरी जुळणारी मज्जा मिळाली तर उपाय होता, आणि सख्ख्या भावंडाची जुळायची शक्यता चारात एक. ताईची जुळली.

पेंटरने ते ऐकलं आणि म्हणाला, "आयुष्यात तू कधी मज्जा केली नाहीस, ताई. मला देणार कुठून?"

ती हसली नाही. जिना चढून वर गेल्यावर मात्र एकटीच हसली, आणि मग रडली.

नवी मज्जा देण्याआधी त्याच्यात उरलेल्या पांढऱ्या पेशी औषधांनी संपवायच्या होत्या. हे ऐकून त्याच्या बायकोचा धीर सुटला. आहे ते थोडंथोडकंही काढून घेणार, मग एखाद्या जंतूने गाठलं तर, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. ताईने तिला जवळ बसवून समजावलं. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्या पेशी जन्मापासून शिकत आलेल्या असतात. त्या शिल्लक राहिल्या तर नव्या मज्जेला परकी समजून मारून टाकतील.

"पण वन्सं, तुम्ही तर सख्ख्या बहीण."

"त्यांच्या लेखी मीही परकीच गं," ताई म्हणाली.

ताईच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली त्या दिवशी ती गुंगीत होती. दुपारी ती पिशवी पेंटरच्या खोलीत टांगली. गरम पाण्याच्या पिशवीहून लहान, गडद लाल. तीन तास ती थेंबाथेंबाने त्याच्या शिरेत उतरत होती. कुठे जायचं हे कुणी त्या पेशींना सांगत नाही. रक्तातून फिरत फिरत त्या आपोआप हाडापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. इतकी वर्षं पेशी बघूनही ताईला याचं नवल वाटायचं थांबलं नाही.

पेंटरची खोली काचेआड होती. हवा गाळून आत यायची, तिची एकसारखी घरघर चालू असायची. बोलायचं ते काचेच्या दोन्ही बाजूंनी फोन धरून. पुढे त्याने सांगितलं की त्या दिवसांत त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती. उजेड सगळा पाणी घातलेल्या पांढऱ्या रंगासारखा दिसायचा. ताप चढला की त्याने आजवर रंगवलेल्या पाट्यांवरची अक्षरं सुटी व्हायची. काने, मात्रा, वेलांट्या छताखाली सावकाश तरंगत राहायच्या. त्याला भीती वाटायची नाही. एखादी वेलांटी उशीवर येऊन टेकायची, तेव्हा ती कुठल्या दुकानाची हे आठवत तो पडून राहायचा.

चार दिवसांनी ताई लंगडत कामावर आली. रोज सकाळी त्याच्या रक्ताची नळी खाली यायची, आणि रोज मशीन पांढऱ्या पेशींसमोर शून्य दाखवायचं. नवव्या दिवशी ताप एकशे चारवर गेला. बाहेरून कुणी आत आलं नव्हतं. जन्मभर त्याच्याच पोटात गुण्यागोविंदाने राहणारे जंतू, अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर, रक्तात उतरले होते. डॉक्टरांनी दोन औषधं बदलली. त्याची बायको काचेला कपाळ टेकवून उभी राहायची. तीन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मग ताप थोडा उतरला, पण आकडा शून्यच राहिला.

चौदाव्या दिवशी मशीनने आकडाच दिला नाही. पट्टी बघा, असा शेरा मारून ते थांबलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी पट्टी रंगवून घेतली, थोडा विचार केला आणि ताईला म्हणाल्या, "रिपोर्टवर सही मी करीन. पण आधी तुम्ही बघा."

ताईने डोळा लावला. विरळ, फिकट गुलाबी पसारा. ती पट्टी हळूहळू सरकवत गेली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग खालच्या ओळीने परत. आणि कडेपाशी, कुणी विसरून ठेवावी तशी, एक जांभळी पेशी होती. तीन पाकळ्या, मधे बारीक धागा. तिने हात थांबवला आणि बघत राहिली. रक्त भावाच्या दंडातून काढलेलं होतं, पेशी तिच्या मज्जेतली होती. पुढे आणखी एक दिसली, मग दोन. सगळ्या मिळून सहा.

"आल्या," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं, मान हलवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पाचव्या आठवड्यात पेंटर घरी आला, काठीसारखा वाळलेला. आठ महिन्यांनी ताईने त्याचा रक्तगट तपासला. पूर्वी तो 'बी' होता. आता 'ए' आणि 'बी' ओळखायच्या पट्टीवरच्या दोन्ही थेंबांत रक्त गुठळी धरेना. तिच्यासारखाच 'ओ'. पेंटरने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आता चष्मा विसरायला लागेन का.

एक गोष्ट मात्र जुन्या पेशींबरोबर गेली होती. लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण त्याच्या अंगात उरली नव्हती. म्हणून वर्षभराने त्याला पुन्हा पहिल्यापासून लसी सुरू केल्या, तान्ह्या बाळांना देतात त्याच. लसीकरणाच्या खोलीत बुटक्या बाकावर, रडणाऱ्या पोरांच्या रांगेत, हा बाप्या गुडघे छातीशी घेऊन बसला. शेजारच्या बाईने सहज विचारलं, तुमचं बाळ कुठंय. तो म्हणाला, "मीच. एक वर्ष पूर्ण झालं." ती बाई आधी गोंधळली, मग त्याने सगळं सांगितल्यावर आपल्या मुलीला त्याच्या मांडीवर ठेवून कार्ड शोधायला लागली. गोवराची लस सगळ्यात शेवटी, दोन वर्षांनी मिळाली, कारण तिच्यातला जंतू अशक्त असला तरी जिवंत असतो.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी पेंटरला शिंक आली. त्याच्या बायकोच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग दुसरी शिंक, नाक वाहायला लागलं, घसा धरला. ताईने रजा काढली. दोघी त्याच्या खाटेपाशी बसून होत्या. कुणी औषध दिलं नाही. डॉक्टरांनी फोनवर थांबून बघा म्हटलं होतं. पहिल्या दिवशी थोडा ताप आला. दुसऱ्या दिवशी आवाज बसला. तो झोपेत-जागेपणी पडून राहायचा आणि त्या दोघी त्याचा श्वास ऐकत बसायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठला, नाक शिंकरलं आणि भूक लागली म्हणाला. दहापर्यंत बाहेरच्या ओट्यावर अर्धी राहिलेली पाटी घेऊन बसलासुद्धा. ताई पायरीवर बसून बघत होती. साधी सर्दी होती. आली आणि गेली.