सुईणबाईंचा तास

आमच्या प्रयोगशाळेत "झालं का?" असं विचारायची सोय नव्हती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सुईणबाई होत्या, तेवढं पुरे होतं. वागळे इस्टेटमधल्या त्या छोट्या कंपनीत जिवाणूंमध्ये बाहेरचं जनुक घालायचं काम चाले. करायचो आम्ही सगळेच, पण बाईंच्या हाताला जे यश होतं ते कुणाच्याच नव्हतं.

हे नाव शीळफाट्याहून येणाऱ्या रूपेशने ठेवलं. बर्फातल्या जिवाणूंना क्षणभर गरम पाण्यात धरतात, त्या धक्क्याने नवं जनुक आत शिरतं. मग बाई त्यांना सकस द्रवात घालून उबदार इन्क्युबेटरमध्ये ठेवत आणि त्याच्या दारापुढे स्टूल ओढून तासभर शब्दकोडं सोडवत बसत. कुणी दाराला हात लावला की म्हणत, "आत ओली बाळंतीण आहे. वारा लागेल तिला." रूपेश एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर पक्क्या सुईण झालात." बाईंना ते आवडलं. त्यांची आत्या गुहागरकडे खरोखरच सुईण होती.

हा तास कशाला, हे त्या प्रत्येक नव्या मुलीला समजावत. आत गेलेल्या जनुकासोबत एका औषधाला पुरून उरायची कृतीही जाते. पुढे त्यांना ते औषध घातलेल्या प्लेटवर सोडतात. ज्यांना जनुक मिळालं ते जगतात, बाकीचे मरतात. "पण रेनकोट कसा शिवायचा हे त्यांना आत्ता कुठे कळलंय," बाई म्हणत. "शिवून तर होऊ दे. मग ढकला पावसात." मी डोंबिवलीच्या कॉलेजात हे जाडजूड पुस्तकातून शिकले होते आणि परीक्षेनंतर विसरलेही होते. बाईंचा रेनकोट मात्र डोक्यात बसला.

मग नवे साहेब आले. त्यांना प्रत्येक गोष्टीची घाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्टूलवर बसलेल्या बाईंना पाहिलं आणि हा तास बंद करून टाकला. आधीच्या नोकरीत ते थेट प्लेटवर टाकायचे म्हणे, आणि छान वाढायचं. वाढणारच! तिथे अँपिसिलिन वापरायचे. ते हळू मारतं, तेवढ्यात जिवाणूंचा रेनकोट शिवून होतो. आमच्याकडे कॅनामायसिन. ते पहिला घाव जिवाणूच्या शिलाई मशीनवरच घालतं. बाईंनी हे साहेबांना शांतपणे सांगितलं. साहेब फोनमध्ये बघत "हो, हो" म्हणाले.

प्लेटा कोऱ्या निघू लागल्या. रोज सकाळी झाकण उघडावं आणि आत काही नाही. आता निदान साहेबांनी विचारावं की नाही बाईंना? छे! नाचता येईना अंगण वाकडं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "मॅडमचे जिवाणूच खराब असतात. वय झालं की हात पहिल्यासारखा राहत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी फक्त चष्मा पुसला.

त्या संध्याकाळी त्यांनी एकाच नळीतल्या जिवाणूंचे दोन भाग केले. एक थेट प्लेटवर, दुसरा तासभर निगा राखून. सकाळी पहिली प्लेट कोरी होती आणि दुसरीवर साबुदाणा सांडावा तशा जिवाणूंच्या वसाहती. बाईंनी दोन्ही साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि परत आल्या. दुपारी सर्वांना मेल आला: साहेबांनी बारकाईने अभ्यास करून नवी सुधारणा केली आहे, यापुढे तासभर विश्रांती अनिवार्य. बाईंचा त्यात उल्लेखही नव्हता. पण त्यांचा करार पुढे वाढवू नये ही शिफारस मीटिंगच्याच दिवशी वर गेली होती, आणि ती मागे घ्यायचं साहेबांना काही सुचलं नाही. चूक कुणाची आणि घरी कोण गेलं! आजही खोपटच्या रस्त्याने जाताना त्या कंपनीच्या इमारतीकडे वळणारी रिक्षा दिसली की मला संताप येतो.

शेवटच्या दिवशी बाई खण आवरत होत्या. कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या, सावकाश, सगळं करायच्या तसंच. साहेब दारात येऊन उभे राहिले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "झालं का मॅडम?"

रूपेशच्या हातातली नळी तशीच राहिली. बाई कप गुंडाळतच राहिल्या, म्हणून मी बोलले. "नाही झालं. तासभर लागेल. बाहेर थांबा."

साहेब पुन्हा घड्याळ बघून निघून गेले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गुंडाळलेला कप सोडून त्यांनी तो कागद सरळ केला, नेहमीचं स्टूल इन्क्युबेटरपुढे ओढलं आणि शब्दकोडं सोडवायला बसल्या. इन्क्युबेटर त्या दिवशी रिकामा होता. तरी तास भरेपर्यंत आमच्यापैकी कुणी दाराला हात लावला नाही.