शेततळ्यावरचा तरंगता ओटा

समस्त तामलवाडी पंचक्रोशीस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, ज्या मुलखात नदीचा उपयोग बहुतेक वर्षभर बैलगाडीची वाट म्हणून होतो, त्या मुलखात आमच्या घराण्यानं एक बंदर उभारलं. जहाज एकही नाही. प्रवासी एकच, माझे थोरले भाऊ. आणि त्यांना कुठंही जायचं नव्हतं. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

दादांच्या किडन्या गेल्या होत्या. ठरलेल्या वारी जीपनं सोलापूर गाठायचं, मशीनला लावून घ्यायचं आणि पिळून काढलेल्या धोतरासारखं घरी यायचं. प्यायचं पाणीसुद्धा पेल्यानं मोजून. दादा म्हणायचे, "सगळ्या जिल्ह्याला पाणी न्हाय, आन् माझ्या अंगातलं काढून टाकायला मशीन लागायलंय. सरकारनं मलाच धरण म्हणून जाहीर करावं." आम्ही हसायचो. वहिनी हसायच्या नाहीत. खेप चुकली की पाणी छातीत चढतं, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते वार उपासासारखे पाळले. जीप यायच्या कितीतरी आधी दादा अंगणात तयार बसलेले असायचे.

एक दिवस ते अंगणात आलेच नाहीत. "बास. आता जायचं न्हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. वहिनींनी मला फोन केला. मी धाराशिवहून मोटारसायकलवर निघालो. वाटेत एक जबरदस्त भाषण तयार केलं. हातवारेसुद्धा बसवले, त्यामुळं एक ट्रकवाला माझ्यावर डाफरला. पण दादांच्या उशाशी बसल्यावर तोंडातून निघालं एवढंच, "दादा, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, "पाण्यावर बसावं वाटतंय."

"पाण्यात?"

"पाण्यात कामून? म्या म्हैस हाय का? पाण्यावर! जन्मभर त्याच्या मागं पळालो. एकदा त्याच्या उरावर बसतो."

सौदा ठरला. शेततळ्यावर बसायला मी काहीतरी बांधायचं, आणि त्यांनी मशीनला जायचं.

आमचं तळं म्हणजे खोल खड्डा, आणि आतून काळी प्लास्टिकची पन्नी. बोअरचं पाणी त्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात द्राक्षांना द्यायचं. गावचा वेल्डर आला, तळ्याभोवती ऐटीत फिरला आणि म्हणाला, "चार खांब रोवू की मधोमध." त्यासरशी दादा बाजेवरून उठून बसले. कैक दिवसांनी ते असे उठले. "खांब रोवतो? पन्नीला भोक पाडून? आधी तुला रोवतो!" तेव्हा ओटा तरंगताच करायचा ठरला. फवारणीचे निळे ड्रम, बुचं घट्ट बसवलेले. त्यांच्यावर मोडलेल्या द्राक्षमांडवाचे अँगल. वर जुन्या बैलगाडीच्या फळ्या, कारण बैल विकल्यापासून गाडी गोठ्यात नुसतीच उभी होती. उतरायला जुन्या टायरांची शिडी. दादा काठीनं जमिनीवर नकाशे काढत होते, वेल्डरला शिव्या घालत होते आणि ठरलेल्या वारी मुकाट्यानं जीपमध्ये बसत होते. मी खूश होतो. मला वाटलं, आपण यमाला गंडवलं.

ओटा बांधायची दोरी मात्र दादांनी स्वतःच्या हातानं बांधली. आमच्या घरात आजवर जे काही बांधलं ते बैल नाहीतर म्हैस. त्यामुळं काठावर खुंटी, आखूड दावं आणि पक्की गाठ. मी म्हणालो, "जरा ढिली ठेवा." ते म्हणाले, "ढिली ठेवली की भटकतंय."

ओटा भटकला नाही. रात्रीच्या लाईटवर मोटार चालू झाली, पाणी बागेत गेलं, तळं खाली उतरलं. सकाळी वहिनी हळदकुंकू, खण-नारळ घेऊन पाण्याची ओटी भरायला आल्या. दादांनी धुतलेली टोपी घातली होती. बघतो तर ओटा काठाला फाशी दिल्यासारखा लटकलेला, ड्रम हवेत. मी विनोद करायला तोंड उघडलं, पण दादांचा चेहरा बघून मिटलं.

"आपल्याला पाणी लाभत न्हाय," ते म्हणाले आणि माघारी फिरले.

त्यानंतर ते जीपमध्ये बसायचे, पण पोतं ठेवल्यासारखे. बोलणं बंद झालं. पायावरची सूज चढत गेली. मी लांब दोर आणून बांधला, तरी ते बघायला आले नाहीत. मग वहिनींनीच ते काम अंगावर घेतलं. धार काढायच्या आधी तळ्यावर जायचं, पाणी जेवढं उतरलं असेल तेवढा दोर सोडायचा. मला म्हणाल्या, "भाऊजी, आता ते कवाबी आले तरी ओटा पाण्यावरच दिसंल."

आणि एका सकाळी ते आले. काठी टेकत, दमत, कुणाला न सांगता. मी आणि वहिनींनी त्यांना टायरांवरून खाली उतरवलं. ते बसले तसा ओटा त्यांच्या बाजूला कलला. तोल सांभाळायला मला समोरच्या कोपऱ्यात बसवण्यात आलं. घराण्यात माझ्या वजनाचा झालेला हा पहिलाच उपयोग. दादांनी सुजलेले पाय पाण्यात सोडले, डोळे मिटले. मग वहिनींकडं न बघताच म्हणाले, "तू बी ये की."

चारचौघांत कधीच नवऱ्याशेजारी न बसलेल्या वहिनी पदर सावरत उतरल्या आणि त्यांना लागून बसल्या. ओटा हळूहळू डुलत होता.

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. मशीनचा वार होता. दादांनी डोळे उघडले, वहिनींकडं पाहिलं आणि निमूटपणे एक पाय पाण्यातून वर घेतला. सौदा सौदाच. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. वहिनींनी माझ्यासमोर त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला आणि जीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेल्या,

"बसा वं! बोंबलू द्या त्याला. आज आपुन कुठं जात न्हाय!"