घरची होडी

आमच्या घरची होडी आहे, हे मी सरांना सांगायलाच नको होतं. वरळी कोळीवाड्यातली पोरगी, मासळीच्या अंड्यांवर पीएचडी करतेय म्हटल्यावर माझे मार्गदर्शक एकदम खूश. "मग तुला नमुन्यांची काय काळजी!" म्हणाले. मी नुसती हसले. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही, ही आमच्या घरची रीत त्यांना सांगायची मला लाज वाटली.

मग बाटल्या दादाच्या हाती जाऊ लागल्या. खडकांपलीकडे खोल पाण्यात भरायच्या आणि वर वेळ लिहायची, एवढंच काम. सहा महिने त्याने इमानदारीत आणून दिल्या, असं मला वाटत होतं. मेच्या सुरुवातीला पाण्याचा खारटपणा मोजला, मग पुन्हा मोजला. खोल समुद्राचं पाणी इतकं अळणी? दादाला धरलं.

"अगो, जाळी ओढायची का तुझ्या बाटल्या भरायच्या? धक्क्यावरनंच भरल्या. समिंदराचंच पानी हाय ना ते?"

धक्क्याशेजारी नाला येऊन पडतो. सहा महिन्यांचं काम मी मोरीत ओतलं. रडले नाही, भांडी मात्र आपटली. जेवताना बाबांना म्हटलं, "मला न्या. एकदाच."

"बाईमानसानं होडीवर चढायचं नाय."

"आई इतकी वर्षं याच होडीची मासळी विकतेय, ते चालतं?"

बाबा हात धुवायला उठले. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायला तीन आठवडे उरले होते. ती लागली की माझं अख्खं वर्ष जाणार. मला एका जागी बसवेना. खिडकीतून आमची होडी दिसायची, तिच्याकडे नजर गेली तरी डोकं फिरायचं.

शेवटी दुसऱ्या कोळीवाड्यात एक होडीवाला गाठला. विद्यापीठाचं ओळखपत्र पुढे केलं, घर कुठलं ते सांगितलं नाही. "या मॅडम, बसा," म्हणाला. इतकं सोपं! त्याच्या घरच्या बायकाही होडीवर जात नव्हत्याच. मॅडमला बहुतेक बाईत मोजत नसावेत. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडलेच.

खडकांपलीकडे पोचलो. मी वाकून बाटली बुडवत होते, तेवढ्यात समोरून आमचीच होडी आली. पुढे बाबा उभे. आता ओरडणार, भर समुद्रात तमाशा होणार. माझं उत्तर तयार होतं, सहा महिन्यांचा राग त्यात भरलेला होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या होडीवाल्याला हाक मारून म्हणाले, "तिला नीट धरून बसव रे. पवता येत नाय तिला."

दादाला त्यांनी तो सात वर्षांचा असताना पोहायला शिकवलं होतं. मी काठावर त्याचे कपडे धरून उभी असायचे.