पहिल्या हाफची पोरगी

जगातला आजवरचा सगळ्यात मोठा बास्केटबॉल खेळाडू कोण, या विषयावर मी एकदा भलंमोठं भाषण ठोकलं होतं. तेही साडी नेसून, केसांत गजरा माळून, बघायला आलेल्या मुलासमोर. शहाणी मुलगी असती तर पोहे मीच केलेत एवढं सांगून गप्प बसली असती. पण शहाणपणाचं आणि माझं तेव्हाही फारसं जमत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते. आमच्या क्वार्टर्सच्या मागं जवानांचं बास्केटबॉल कोर्ट होतं. त्यांचा खेळ आटोपला की ते आम्हा पोरींना मिळायचं. बी.ए.ला येईपर्यंत माझी उंची पाच फूट नऊ इंच झाली होती. कोर्टवर तिचा फायदा होता, लग्नाच्या बाजारात मात्र वांधे होते. बघायला येणारी मंडळी मी बाहेर आले की मान वर करून बघायची, आणि ‘कळवतो’ म्हणून जी जायची ती जायचीच.

खेळायचे मात्र झकास. निदान मला तसं वाटायचं. कॉलेजच्या टीमचे जवळजवळ सगळे पॉइंट माझेच असायचे. असणारच, बॉल दुसऱ्या कुणाला दिला तर ना! पोरी मला तिजोरी म्हणायच्या, कारण माझ्याकडं गेलेला बॉल परत कुणाच्या हाती लागत नसे. मला ते कौतुकच वाटायचं. आमचे खेळाचे सर बाहेरून बोंबलायचे, “अगं बाई, अजून चौघी आहेत कोर्टवर!” मी मनात म्हणायचे, आहेत ना, बघू द्या की त्यांना निवांत.

अशात नेवाशाचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, आणि माझ्याहून चांगला चार बोटं उंच! पाथर्डीहून आत्या मुद्दाम आली आणि सकाळपासून मला पढवत बसली. “त्या चेंडूचं नाव काढायचं न्हाई. इचारलंच तर भरतकाम येतं म्हनायचं. आन बसून ऱ्हायचं, सारखं उठायचं न्हाई.” भरतकामातलं मला सुईत दोरा ओवण्यापुरतंच यायचं. आत्यानं बॉल कॉटखाली ढकलला, वर चादर लोंबती सोडली.

मुलगा आईला घेऊन आला, नेमका त्याच कॉटवर बसला आणि पाय मागं घेतले. टाच लागून बॉल भिंतीवर आपटला आणि घरंगळत थेट त्याच्या आईच्या पायाशी. आत्या लगेच म्हणाली, “शेजारच्या पोराचा हाय.” मुलानं तो उचलला, अंगठ्यानं दाबून हवा बघितली आणि मला विचारलं, “तुम्ही खेळता?”

मी हो म्हणाले. आत्यानं कपाळावर हात मारला.

मग दोघांना बोलायला म्हणून मागच्या खोलीत पाठवलं, अर्थात दार सताड उघडं ठेवून. तो पहाटे उठून केबलवर अमेरिकेतल्या मॅच बघायचा. म्हणाला, “माझ्या मते, ज्यानं सगळ्यात जास्त पॉइंट केले तोच आजवरचा सगळ्यात मोठा. तुम्हाला काय वाटतं?”

अहो, माझंही तेच मत होतं! पण हो म्हणाले असते तर बोलणं तिथंच संपलं असतं, आणि मला ते संपायला नको होतं. स्पष्टच सांगते, मला तो लई आवडला होता. म्हणून मी उलट बोलले.

“पॉइंट काय, कुणीही करतं,” मी म्हणाले. मी! “मोठा तो, ज्याच्यामुळं बाकीचे चौघं चांगले खेळतात. बॉल हातात आल्यावर ज्याला आधी दुसरा दिसतो. बक्षिसं काय मोजायची? तो नसला तर टीमचं काय होतं ते बघा.” सर तीन वर्षं मला ज्या शिव्या घालत होते, त्याच मी गोड आवाजात त्याला ऐकवत होते.

तो ऐकतच राहिला. मग म्हणाला, “असा विचार मी कधी केलाच नव्हता. तुम्ही असंच खेळता?”

मी खाली बघून लाजले.

“मग येत्या रविवारी तुमची मॅच बघायला येतो. आईलाही आणतो. नंतर निरोप देतो.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मॅच नगरला, एका कॉलेजच्या ग्राउंडवर होती. पायऱ्यांवर तो, त्याची आई आणि शेजारी अण्णा. अण्णाही पहिल्यांदाच माझा खेळ बघायला आले होते. मी ठरवलं होतं, आलेला प्रत्येक बॉल द्यायचा. पण हे टीमला सांगायचं राहूनच गेलं. पहिला पास मैत्रिणीला दिला, तर ती वेणी घट्ट करत होती. बॉल माझ्याकडं आला की तिला तेवढी सवड असायचीच. बॉल बसला थेट नाकावर. दुसरा पास कोर्टबाहेर. तिसरा समोरच्या टीमच्या हातात. पोरी माझ्यावर डाफरत होत्या, आणि मी गोड हसत होते. सरांनी विचारलं, “तुला ताप आहे का?”

हाफ टाइमला आम्ही सणकून मागं होतो. मैत्रीण नाकाला ओला रुमाल लावून म्हणाली, “लग्न तुझं आणि नाक माझं?”

दुसरा हाफ सुरू झाला आणि समोरची एक पोरगी मोठ्यानं ओरडली, “हिला सोडा गं, ही नुसतं वाटप करते!”

झालं. माझं डोकंच सणकलं. वाटप काय! पुढं कुणाला एक बॉल मिळाला असेल तर शपथ. घुसले, टाकला, परत घुसले, पडले, उठले, टाकला. सर कपाळ बडवत होते आणि हसतही होते. मॅच जिंकली तेव्हा कुठं आठवलं की पायऱ्यांवर कुणीतरी बसलंय. वर बघितलं तर अण्णा एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“त्यांची नेवाशाची गाडी हुती,” ते म्हणाले. “हाफ झाला तवाच गेले.”

दोन दिवसांनी शेजारच्या घरी त्या मुलाचा फोन आला. आत्या बाजारात गेली होती. अण्णांनी फोन घेतला, आणि रिसीव्हर बाजूला ठेवून मला बोलवायला आले. पसंती होती! त्याच्या आई म्हणत होत्या, मुलगी समजूतदार आहे, सगळं दुसऱ्याला देते, कुणी ओरडलं तरी हसते. आणि लग्नानंतर खेळ सोडायलाही तिला जड जाणार नाही, तसाही तिला तो फारसा येत नाही.

“काय सांगू?” अण्णांनी विचारलं. “मला तर पहिल्या हाफला वळखूच येईना, की आपलीच पोरगी हाय का दुसऱ्याची.”

मला हो म्हणायचं होतं. मनातून अगदी हो. मी तशीच गेले आणि रिसीव्हर उचलला. म्हणाले, “तुमचा दुसरा हाफ बघायचा राहिला. परत एकदा याल का?”

तो हसला. चांगलं हसला, मनापासून. “कशाला? बघितलं तेवढं पुरे आहे. मला तुम्ही तशाच आवडलात.”

मी म्हणाले, “तशी मी नाही हो.” त्याला वाटलं मी लाजतेय. मग नीट, ऐकू जाईल असं, नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले आणि हमसून हमसून रडले. तेवढ्यात आत्या भाजीची पिशवी घेऊन आली. माझी दशा बघून तिला वाटलं, नेवाशाकडून नकार आला. तिनं पिशवी तिथंच टाकली, दारात जाऊन कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या क्वार्टर्सना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बिचाऱ्या मुलाचा आणि त्याच्या आईचा उद्धार सुरू केला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी तिला थांबवलं नाही.